भांड्यांच्या साबणाने हातावर आलेल्या पुरळाला आयसीडी-१० मध्ये (आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत) कोणता कोड लावायचा?

डॉक्टरांनी 'इरिटंट काँटॅक्ट डर्माटायटिस' आणि कारण म्हणून डिटर्जंट असं स्पष्ट लिहिलं असेल, तर कोड एल२४.०. एल२४ हा गट त्वचेला थेट चुरचुरवणाऱ्या पदार्थांचा. दशांशानंतरचा आकडा पदार्थ सांगतो: .१ तेल-ग्रीस, .२ सॉल्व्हंट, .३ सौंदर्यप्रसाधनं, .७ झाडंझुडपं (खाद्यपदार्थ वेगळे, ते .६). पदार्थच लिहिला नसेल तर एल२४.९. मी रोज हेच कोडिंग करते, आणि सगळ्यात जास्त गोंधळ शेजारच्या दोन गटांशी होतो. पॅच टेस्टनंतर (त्वचेवर पदार्थ लावून ॲलर्जी तपासण्याची चाचणी) डॉक्टरांनी 'ॲलर्जिक' लिहिलं की एल२३. नुसतं 'काँटॅक्ट डर्माटायटिस' लिहून सोडलं, ॲलर्जिक की इरिटंट ते नाही, तर एल२५. केसपेपरवर फक्त 'रॅश' एवढंच खरडलेलं असेल तर आर२१, मग पेशंटने साबणाचं कितीही सांगितलेलं असो. निदान आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. एक मात्र आहे: अमेरिकन विम्याचा क्लेम असेल तर आयसीडी-१०-सीएम, म्हणजे या यादीची अमेरिकन आवृत्ती, उघडा. तिथे ऑक्टोबर २०२१ पासून घर्षण, लाळ, लघवी यांनी होणाऱ्या त्रासासाठी एल२४.ए हा उपगट आहे. बाळाच्या लंगोटाचं पुरळ मात्र दोन्हीकडे एल२२.