चखणा, तोंडीलावणं की तिखटमिठाचे घास?

सोलापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: घरच्या लग्नाच्या स्वागतसमारंभातल्या पदार्थांची यादी मराठीत छापायची आहे. जेवणाआधी पाहुणे उभ्याउभ्या गप्पा मारत असतात, तेव्हा ट्रेमधून फिरवतात ते एका घासात संपणारे पदार्थ. त्यांना काय म्हणावं? केटररने ‘स्टार्टर’ आणि ‘कॅनपे’ लिहून दिलं आहे. कुणीतरी ‘चखणा’ सुचवलं, ते आजोबांना पटलं नाही. ‘तोंडीलावणं’ चालेल का?

आजोबांचं बरोबर आहे. ‘चखणा’ हिंदीतल्या ‘चखना’वरून आला, म्हणजे नुसतं चाखणं. पण मराठीत हा शब्द पेल्यासोबतच रुळला आणि आता त्याच्यापासून सुटत नाही. तिकडे फारसीत चवीला ‘मझे’ म्हणतात. त्यावरून तुर्कस्तानात जेवणाआधी येणाऱ्या छोट्या ताटल्यांचं नाव ‘मेझे’ झालं आणि आपल्याकडे तोच शब्द ‘मजा’ होऊन आला, खाण्याशी काही संबंध न ठेवता! संस्कृतात तर नेमका शब्द होता: ‘उपदंश’, म्हणजे भूक किंवा तहान चाळवण्यासाठी खायचा चमचमीत पदार्थ. पण मराठीत उपदंश हा गुप्तरोग आहे, तेव्हा तो पत्रिकेच्या आसपासही नको. ‘अल्पोपाहार’ही नको, तो सभा संपल्यावर देतात आणि त्यानंतर जेवण अपेक्षित नसतं.

‘तोंडीलावणं’ मात्र नीट पाहायला हवं, कारण इथे मराठीने फार सुंदर भेद केला आहे. तोंडी लावायचं ते कशाच्या तरी जोडीने: भाकरीला चटणी, खिचडीला लोणचं, भाताला भाजलेला पापड. मुख्य अन्न नसेल तर तोंडीलावण्याला अर्थ नाही. सोलापुरात शेजारीपाजारी तेलुगू आणि कन्नड बोललं जातं. त्या दोन्ही भाषांत या क्रियेला स्वतंत्र क्रियापद आहे, तेलुगूत ‘नंजुकोवडं’ आणि कन्नडमध्ये ‘नंचिकोळ्ळोदु’. याउलट शेंगदाणे, फुटाणे, शंकरपाळे आपण तोंडात टाकतो. हुरड्याला बसलात की दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात. आगटीतून काढलेलं कणीस हातावर चोळून गरम दाणे तोंडात टाकायचे आणि मधूनमधून शेंगाचटणी तोंडी लावायची. तुमच्या समारंभातले पदार्थ हुरड्याच्या बाजूचे आहेत, चटणीच्या नव्हे. म्हणून ‘तोंडीलावणं’ चुकीचं ठरेल. बोलताना ‘जेवणाआधी तोंडात टाकायला काहीतरी’ हे अगदी अस्सल मराठी आहे, फक्त छापायला लांब पडतं.

राहिला प्रश्न चवीचा. गोड नसलेल्या पदार्थांसाठी हल्ली सर्रास ‘नमकीन’ लिहितात. ‘खारा’ म्हटलं की खारे दाणे आठवतात आणि ‘खमंग’ हा शब्द चवीपेक्षा भाजल्या-तळल्याच्या वासाचा. पण आपल्या स्वयंपाकघरात याला जुना, नेमका शब्द आहे: तिखटमिठाचा. गोड सांजा वेगळा, तिखटमिठाचा सांजा वेगळा, पुऱ्यांचंही तसंच. त्याला ‘घास’ जोडला की ‘तिखटमिठाचे घास’. हा जोडशब्द मी सुचवतो आहे, रूढ नाही. पण ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही, आणि माझ्या मते नव्या शब्दाची खरी परीक्षा तीच.

‘कॅनपे’ मात्र भाषांतरित करू नका. ते एका विशिष्ट पदार्थाचं नाव आहे. फ्रेंचमध्ये ‘कानापे’ म्हणजे सोफा. पावाच्या छोट्या कुरकुरीत तुकड्यावर लोण्याचा किंवा चीजचा थर आणि त्यावर एखादा पदार्थ ऐटीत बसवलेला, म्हणून हे नाव. मूळ ग्रीक शब्द मच्छरदाणीच्या पलंगाचा. तिथून सोफा आणि सोफ्यावरून पाव. खालचा तुकडा कोरडा हवा आणि मधला थर स्निग्ध, म्हणजे वरच्या पदार्थाच्या ओलाव्याने तो लगेच मऊ पडत नाही.

हे वाचताना सोलापूरकराला आपली कडक भाकरी आठवलीच पाहिजे. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ, वाळून कडकडीत झालेली भाकरी. तिचा दोन बोटांत मावेल एवढा तुकडा, वर लसूण घालून तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी, त्यावर घट्ट दह्याचा ठिपका. चटणीतलं शेंगदाण्याचं तेल इथे लोण्याचं काम करतं. तरी ट्रे फिरायच्या आधी थोडाच वेळ दही घाला.

तेव्हा यादीत वर ठळक ‘तिखटमिठाचे घास’ छापा. पाहुणे बाहेरगावचे असतील तर खाली लहान अक्षरांत ‘स्टार्टर’ असू द्या. तो शब्द आता मराठीत रुळला आहे आणि त्यात कमीपणा नाही. पावाचे कॅनपे ‘कॅनपे’ म्हणूनच येऊ देत. भाकरीचे केलेत, तर तिथे सरळ ‘कडक भाकरी, शेंगाचटणी, दही’ एवढंच लिहा.