गोळ्या मोजणं थांबवा, वहिनी

प्रश्न : माझ्या नणंदेला चिकोडीकडे दिलंय. वय बावीस. पाव्हणे ट्रकवर असतात. दिवाळीनंतर त्यांना एचआयव्ही असल्याचं कळलं, औषधं सुरू झाली. तिची तपासणी निगेटिव्ह आली, म्हणून डॉक्टरांनी तिला रोजची प्रेपची, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची, गोळी दिली. तिच्या सासूला यातलं काही ठाऊक नाही. ती माहेरी आली की मी बाटलीतल्या गोळ्या मोजते. हिशेब कायम बरोबर. पण परवा तिच्या पिशवीत कुंकवाच्या पुडीत सुट्या गोळ्या सापडल्या. आता काय करू?
– एक वहिनी, खानापूर तालुका

उत्तर : वहिनी, ओरडू नका. चुकलेल्या गोळ्या तिनं तुमचा हिशेब जुळावा म्हणून बाजूला काढल्या असणार. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या पाच हजारांवर बायकांचा अशाच गोळ्यांवरचा ‘व्हॉइस’ नावाचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उरलेल्या गोळ्या मोजल्या तर जवळपास सगळ्या नियमित घेतायत असं दिसायचं. रक्त तपासलं, तर औषध सापडलं जेमतेम तीस टक्के नमुन्यांत. तिथं डॉक्टर फसले, तुमचं काय घेऊन बसलात!

तिला एवढंच विचारा, ‘गोळी घेताना अडतं कुठं?’ आमच्याकडे येणाऱ्या पोरी बहुतेकदा बाटलीचंच नाव घेतात. उघडायला गेलं की खुळखुळ वाजते आणि स्वयंपाकघरातून सासू विचारते, कसली गं गोळी? वरून कापसाचा बोळा घाला, आवाज बंद. आतली ओल शोषणारी पुडी मात्र काढू नका. कुंकवाच्या पुडीतल्या सुट्या गोळ्याही परत बाटलीत नकोत. सुरुवातीला मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घेऊ दे, बहुतेकींना काही आठवड्यांत बरं वाटतं. पोटी मूल राहणार नाही, अशी भीती कुणी घातली असेल तर ती खोटी आहे. गरोदरपणातही ही गोळी चालते.

एखाद्या दिवशी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची, दोन एकदम नाही. बायकांच्या बाबतीत खाडे महागात पडतात, कारण योनीमार्गात हे औषध कमी साठतं. बरेच दिवस राहिल्या असतील, तर पुन्हा सुरू करण्याआधी एचआयव्ही तपासणी करायची. नंतर सलग सात दिवस गोळी पोटात जाईपर्यंत निरोध हवाच. एरवीही दर तीन महिन्यांनी तपासणी असतेच.

सासूला सांगायचं की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं. २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करता येत नाही, आणि आपल्याकडे एका गल्लीत कळलं की बाजारापर्यंत जातं.

पाव्हण्यांच्या औषधांचीही चौकशी ठेवा. ते ट्रकवर निघताना पुरेशा गोळ्या सोबत नेतात का? त्यांचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दबला आणि सहा महिने दबलेलाच राहिला, की हिची गोळी बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येईल. तोवर काही विचारायचं झालं तर १०९७ या एचआयव्ही-एड्सच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत.