पणजीजवळ समुद्रकाठचे तोफांचे जुने किल्ले कुठे बघता येतील?

पणजीत राहत असाल तर सुरुवात रेईस मागोसपासून करा. फेरीबोटीने बेतीला उतरायचं, पुढे वेरेंचा रस्ता. 1551 चा हा किल्ला डागडुजी करून 2012 मध्ये लोकांसाठी खुला झाला, म्हणजे तो आता ओसाड नाही. पण तटावरून समोर पणजी दिसते, तेव्हा मांडवीच्या तोंडाशी तोफा का मांडल्या असतील ते न सांगता कळतं.

मग आग्वाद (1612). बहुतेक लोक वर दीपस्तंभाशी फोटो काढून परततात. तुम्ही खाली सिकेरीला समुद्रात घुसलेला बुरूज चुकवू नका, लाटा थेट चिऱ्यांवर आपटतात. वरच्या किल्ल्यातलं पाण्याचं टाकं प्रचंड आहे. 'आग्वाद' हे नावच पाण्यावरून पडलं; लांबून आलेली जहाजं इथे गोडं पाणी भरून घेत.

खरा पडकेपणा हवा असेल तर काबो द राम, पण तो पणजीपासून लांब, दक्षिण गोव्यात काणकोणात आहे. 1763 मध्ये पोर्तुगीजांनी तो सौंद्याच्या राजाकडून घेतला, पुढे तिथे तुरुंगही होता. झुडपांत पडलेल्या गंजक्या तोफा आणि पश्चिमेला उभा कडा. मला तरी तिन्हींत हाच आवडतो. शापोरा किल्ल्यावर संध्याकाळी जत्रेसारखी गर्दी असते, सकाळी जा.

पावसात शेवाळामुळे पाय घसरतो, कड्यावर तर जाऊच नका. जांभ्याच्या फटींत फुरसं असतं, तेव्हा चपला नको, बूट घाला. बंद खोल्यांत टॉर्चशिवाय शिरू नका.