गाडी बहिणीच्या सोसायटीत

झोप लागत नाही, एवढीच तक्रार घेऊन ते माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. (नावगाव, तपशील बदललेत.) वय चाळीसच्या आत, चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दहा मिनिटं ॲसिडिटी आणि मोबाइलवर बोलून झाल्यावर शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, खरं सांगा ना मॅडमना."

खरं असं होतं. पहिली नोकरी गेली, नवीन मिळाली ती 17 हजारांवर आणि गाडीचा हप्ता 10,600. तीन हप्ते थकले होते. सव्वा महिना ते रोज रात्री साडेअकराला गाडी काढून दोन किलोमीटरवरच्या बहिणीच्या सोसायटीत नेत, कव्हर घालत आणि चालत घरी येत. बहिणीला सांगितलं होतं, आमच्याकडे पार्किंगचा वांधा आहे. "बँकेच्या माणसांनी गल्लीतून ओढून नेली तर? आई दिवसभर गॅलरीत बसलेली असते हो," ते म्हणाले. पैशांपेक्षा त्यांना त्या गॅलरीची धास्ती जास्त होती.

पुढच्या वेळी बँकेची सगळी पत्रं आणायला सांगितली. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सहा लिफाफे निघाले, एकही न फोडलेला. आम्ही तिथेच फोडले. शेवटच्या नोटिशीत थकबाकी भरायला पंधरा दिवस दिले होते, त्यातले नऊ उरले होते. म्हणजे उद्या सकाळी कुणी दारात येणार नव्हतं. हे कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

हप्ते थकले तर बँक गाडी नेऊ शकते का, हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कर्ज फिटेपर्यंत आरसीवर बँकेचा बोजा असतो आणि करारात ताबा घेण्याचं कलम असतं. त्यामुळे बँक गाडी नेऊच शकत नाही, हा समज खोटा. पण गुंड पाठवून नेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच त्यावर कडक ताशेरे ओढलेत. वसुलीवाल्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. ताबा घेतल्यावरही विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी द्यावी लागते. दमदाटी झाली तर बँकेकडे लेखी तक्रार करायची आणि 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं.

"मग नेऊ देत की गाडी, एकदाची कटकट मिटेल," ते म्हणाले. मिटत नाही. लिलावात पडत्या भावात गाडी जाते, वर ओढून नेण्याचा आणि यार्डाचा खर्च लागतो आणि जी तूट राहते ती कर्जदाराच्याच बोकांडी बसते. नाहीतर जामीनदाराच्या.

"जामीनदार कोण आहे?"

ते गप्प. बायको म्हणाली, "दाजी." ज्यांच्या पार्किंगमध्ये गाडी लपवली होती तेच!

उत्पन्न दोन-चार महिन्यांपुरतंच आटलं असतं, तर मी त्यांना हप्ता कमी करून मुदत वाढवून मागायला सांगितलं असतं, तेही 90 दिवस उलटून खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरायच्या आत. पण 17 हजारांत 10,600 बसत नाहीत, कितीही ताणलं तरी. मी स्पष्टच म्हटलं, गाडी सोडा. मात्र बँकेला सांगून स्वतः विका. परस्पर विकली तर फसवणुकीचा गुन्हा लागू शकतो. आणि बँकेने येण्यापेक्षा कमी रकमेवर तडजोड सुचवली तर लगेच हो म्हणू नका, 'सेटल्ड' हा शेरा सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, मागे लागतो.

त्याच दिवशी बँकेला ईमेल केला: संपूर्ण येणं किती ते लेखी द्या, विकायला मुदत द्या. बँकेने तीन आठवडे दिले. आकडा आला 4 लाख 61 हजार. गिऱ्हाईक मिळालं 4 लाख 90 हजारांचं. त्याने बँकेचे पैसे थेट कर्जखात्यात भरले, मग बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आले आणि आरटीओत नाव बदललं.

दाजींना सांगणं या सगळ्यापेक्षा अवघड गेलं. आमची दोन सत्रं त्यातच गेली. शेवटी ते बहिणीच्या घरी गेले आणि बोलले. दाजी दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी त्यांनीच गिऱ्हाईक आणलं.

परवा ते सहज भेटले. झोप बरी आहे म्हणाले. फक्त बहिणीकडे गेलं की सोसायटीचा वॉचमन अजून विचारतो, "साहेब, आज गाडी नाही आणली?"