गच्ची गळते म्हणून मेंटेनन्स थांबवता येतो का?

कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलं आहे. २४ फ्लॅटची जुनी इमारत, सर्वांत वरच्या मजल्यावर त्यांचा मोठा फ्लॅट. मार्चपर्यंत सगळेच महिना १,५०० रुपये मेंटेनन्स भरत. एप्रिलपासून क्षेत्रफळावर आकारणी सुरू झाली आणि बाईंचं बिल २,६५० रुपयांवर गेलं. त्यातच पावसाळ्यात बेडरूमचं छत गळायला लागलं. अध्यक्षांचं उत्तर, "गच्ची तुमच्या डोक्यावर, दुरुस्तीही तुमची." बाईंनी सात महिने एक पैसाही भरलेला नाही. आता पाणी बंद करण्याची नोटीस दाराला चिकटवली आहे. त्या विचारतात, "मी एकटी राहते, जास्त का भरू? आणि गळती थांबेपर्यंत का भरू?"

ताई, तुम्ही पाठवलेल्या कागदांतला पहिलाच कागद महत्त्वाचा आहे. तुमचं खरेदीखत म्हणजे ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ आहे. पुण्यात गेटवरच्या पाटीवर सोसायटी, बोलण्यात सोसायटी आणि कागदावर मात्र अपार्टमेंट, अशा इमारती ढिगानं आहेत. सहकारी सोसायटीला १९६० चा सहकारी संस्था अधिनियम आणि आदर्श उपविधी लागू होतात. तिथे सेवाशुल्क सगळ्यांना सारखं असतं. तुमच्या इमारतीला १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट लागू आहे. त्यात सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक जागेत त्याच्या फ्लॅटचा जो टक्का आहे त्याच्या प्रमाणात वाटायचा असतो. मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये पुण्याच्याच एका प्रकरणात मोठ्या फ्लॅटवाल्यांचा ‘सर्वांना सारखं’ हा आग्रह मान्य केला नाही. शेजारच्या सोसायटीत राहणाऱ्या मैत्रिणीनं तुम्हाला सांगितलेला नियम तिच्यासाठी बरोबर आहे, पण तुमच्या इमारतीला तो लागू नाही. घरात माणसं किती, यावरही हा हिस्सा ठरत नाही.

म्हणजे कमिटी बरोबर का? तत्त्वानं हो, हिशेबानं नाही. तुमच्या डीडमध्ये हिस्सा ६.२५ टक्के लिहिलेला आहे. इमारतीचा महिन्याचा सामाईक खर्च ३६,००० रुपये. त्याचे ६.२५ टक्के २,२५० होतात, २,६५० नव्हे. वरचे ४०० आले कुठून? तुमच्याच पत्रात खुलासा आहे, कमिटीनं टेप लावून फ्लॅट मोजला आणि लागून असलेली बाल्कनीची गच्ची त्यात धरली. अशी मोजणी चालत नाही. इमारत या कायद्याखाली आणताना जो दस्त नोंदवतात, त्या नोंदणीकृत डिक्लेरेशनमध्ये जो टक्का आहे तोच धरायचा. डिक्लेरेशनची प्रत कमिटीकडे मागा. नाही दिली तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते.

आता कडू भाग. पैसे थांबवणं ही तुमची चूक झाली. सामाईक सोयी वापरत नाही म्हणूनही खर्चाच्या वाट्यातून सुटका होत नाही, हे या कायद्यात स्पष्ट आहे. थकलेली रक्कम फ्लॅटवर बोजा म्हणून बसते. उद्या फ्लॅट विकायला काढलात तर घेणारा पहिल्यांदा तेच विचारेल. तुमचा राग मला समजतो, पण थकबाकीदार माणसाची तक्रार सभेत कुणी गांभीर्यानं घेत नाही, आणि कोर्टातही समोरच्या वकिलाचं पहिलं वाक्य तेच असतं. म्हणून सात महिन्यांचे १५,७५० रुपये चेकनं किंवा बँकेतून भरा आणि सोबत पत्र द्या: ही रक्कम डीडमधल्या टक्क्यानुसार आहे, वाढीव आकारणी मला मान्य नाही, माझे हक्क राखून भरत आहे. व्याज किती, हे तुमच्या इमारतीच्या उपविधींत काय आहे त्यावर ठरेल.

गळतीबाबत मात्र अध्यक्ष साफ चुकीचे आहेत. छप्पर, पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती या सामाईक जागा आहेत, असं कायद्याची व्याख्याच सांगते. वरची गच्ची डिक्लेरेशनमध्ये कुणा एकाच्या वापराला दिलेली असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तुमच्या गच्चीवर सगळ्यांची टाकी आहे आणि किल्ली सेक्रेटरींकडे असते, म्हणजे ती शक्यता दिसत नाही. तेव्हा वॉटरप्रूफिंगचा खर्च चोवीस जणांनी आपापल्या टक्क्यानं उचलायचा. तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी असो की जोशांनी, "आमच्याकडे कुठे गळतंय" म्हणायची सोय नाही. अर्थात तुमचा वाटाही त्यात ६.२५ टक्के असेल. आणि एक गोष्ट पत्राच्या शेवटी तुम्ही हळूच लिहिली आहे, की पाहणीला आलेल्या प्लंबरला घरात घेतलं नाही. असं पुन्हा करू नका. सामाईक दुरुस्तीसाठी योग्य वेळी फ्लॅटमध्ये येण्याचा हक्क फ्लॅटमालकांच्या संघाला कायद्यानंच दिला आहे.

पाण्याची धमकी. वसुलीसाठी बोजा आहे, दावा आहे. नळ बंद करण्याचा अधिकार या कायद्यानं कमिटीला दिलेला नाही. त्या नोटिशीचा फोटो काढून ठेवा, फाडू नका. पैसे भरल्यावरही कुणी व्हॉल्व्हला हात लावला, तर शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात तातडीनं तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो.

आजच करायचं काम म्हणजे ओल्या छताचे तारखेसह फोटो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दोन पानी अहवाल. तो जोडून कमिटीला लेखी पत्र स्पीड पोस्टनं पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला पत्र म्हणत नाहीत, त्याखाली फक्त हात जोडलेले इमोजी येतात. पत्रात सभा बोलावण्याची मागणी करा. गच्चीचं काम कोरड्या दिवसांतच होतं, मेमध्ये जागे झालात तर पुढचा पावसाळाही बादलीखाली जाईल. जानेवारीअखेर सभेची नोटीस निघाली नाही तर डिक्लेरेशनची नक्कल आणि पैसे भरल्याची पावती घेऊन माझ्याकडे या, मग नोटीस माझ्या लेटरहेडवर जाईल.