गल्लीतल्या मंडळाला मुलांच्या फी-वह्यांसाठी वर्गणी दिली, तर ती खरंच मुलांपर्यंत पोहोचते का?

पोहोचते, पण फी रोख न वाटता शाळेच्या नावाने चेक काढणारं मंडळ असेल तरच निर्धास्त राहा. कर्नाटकातल्या खानापूर भागातल्या (बेळगाव जिल्हा) अशाच एका मंडळाचा जमाखर्च मी लिहितो, त्यावरून सांगतोय. पैसा येतो तो घरटी वर्गणीतून, गणपतीच्या शिलकीतून आणि पुण्या-मुंबईला, गोव्याला नोकरीला गेलेल्यांकडून. पावतीवर छापील क्रमांक हवा, स्थळप्रत पुस्तकातच राहायला हवी. 'पावती मागनं देतो' म्हणणाऱ्याला पैसेही मागनंच द्या!

खरी गोम वाटपाच्या यादीत असते. शाळा उघडायच्या आधी मुख्याध्यापक आणि गल्लीतले पंच नावं सुचवतात. मग पंचांच्या ओळखीतली घरं वर सरकतात, आणि जिच्यासाठी बोलायला कुणी नाही अशी एखादी विधवा बाई राहून जाते. म्हणून यादी देवळाच्या फळ्यावर लागते का, एवढं जरूर विचारा. मंडळ कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, 1960 खाली नोंदलेलं असेल तर वार्षिक सभा आणि तपासलेले हिशेब बंधनकारक असतात. ते मागायला लाजू नका.

एक मात्र आहे: मंडळाची नोंदणी झाली म्हणून देणगी देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. त्यासाठी मंडळाला प्राप्तिकर खात्याची वेगळी मान्यता लागते (80-जी म्हणून ओळखतात ती), आणि 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत.