आजीचे शेवटचे महिनेच का आठवतात?

"आजी जाऊन आठ महिने झाले. तिची आठवण काढायला बसले की दवाखान्यातील खाट, नाकातील नळी आणि खोल गेलेले डोळे, एवढेच समोर येते. जिच्या अंगाखांद्यावर मी वाढले, ती आजी मी विसरले की काय?" शोकात असलेल्यांशी बोलण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न मला या ना त्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे. येथे जिची हकीकत सांगत आहे ती मुलगी नवापूर तालुक्यातील ख्रिस्ती शेतकरी कुटुंबातील, पंचविशीतील, धुळ्यात नोकरी करणारी. तिच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला घाई होती, कारण पहिल्या स्मरणदिनाच्या भक्तीत, म्हणजे प्रार्थनासभेत, नातवंडांच्या वतीने चार शब्द बोलण्याचे काम घरच्यांनी तिच्यावर सोपवले होते. तिने लिहून आणलेल्या कागदावर "आजी फार प्रेमळ, कष्टाळू आणि देवभीरू होती" एवढेच होते. हे वाक्य कोणाच्याही आजीला लागू पडेल, असे ती स्वतःच म्हणाली आणि रडू लागली. मग तिने दुसरी बोच सांगितली. "ती प्रभूजवळ गेली, आता रडणे बरे नव्हे," असे नातेवाईक बजावत होते आणि आपला विश्वासच कमी पडतो आहे, असे तिला वाटू लागले होते.

आधी मी तिची झोप, जेवण, कामातील लक्ष आणि जगण्याविषयीचे विचार यांची नीट चौकशी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणानुसार प्रदीर्घ शोकविकाराचे निदान करायचे, तर तीव्र शोक किमान 6 महिने टिकलेला असावा लागतो आणि त्यामुळे रोजचे जगणे विस्कळीत झालेले असावे लागते. केवळ महिने मोजून ते निदान होत नाही. ही मुलगी कामावर जात होती, मैत्रिणींत मिसळत होती. दुःखाची लाट येई आणि ओसरे. ज्यांचे रोजचे जगणेच थांबले आहे किंवा ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्यांनी मात्र थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे.

विसरण्याच्या भीतीबद्दल मी तिला जे सांगितले ते असे. शेवटचे काही महिने शुश्रूषा तिनेच केली होती. रात्री आजीचा श्वास ऐकत जागणारे मन सतत सावध असते आणि अशा अवस्थेतील दृश्ये खोल ठसतात. शिवाय तीच दृश्ये पुन्हा पुन्हा मनात घोळवल्याने ती अधिक सहज वर येतात. जुन्या आठवणी नाहीशा झालेल्या नसतात. मात्र "आजी कशी होती?" अशा मोघम प्रश्नाने त्या हाती लागत नाहीत, त्यांना एखादी जागा, एखादे काम, एखादा वास लागतो. म्हणून मी विचारले, "पेरणीच्या आदल्या दिवशी आजी काय करायची?"

ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग बोलू लागली. तुरीचे बियाणे चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळवून मडक्यात ठेवलेले असे. आजी ते सुपात काढून पाखडत असे, किडका दाणा नखाने बाजूला सारत असे आणि नातीने मदतीला हात घातला की तिने निवडलेले पुन्हा एकदा निवडत असे. भाताची लावणी, चिखलात रुतलेले पाय, पावसाने रंगावली नदीला पाणी चढले की चर्चला जाण्यासाठी लांबचा रस्ता धरणे, हे सारे त्या सुपामागोमाग आले. कापणीच्या सणाला नव्या भाताची टोपली चर्चमध्ये ठेवल्याशिवाय घरात नवा भात शिजत नसे. तिचे शेत आणि तिची उपासना वेगळी काढता येतच नव्हती, आणि "देवभीरू" या शब्दात हे काहीच आले नव्हते.

पुढच्या भेटीपर्यंत घरातील माणसांना असेच नेमके प्रश्न विचारून यावे, असे ठरले. मला या कामात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच, कारण गेलेल्या माणसाचे एकच रूप एकेकाजवळ असते. आत्याने 1972 च्या दुष्काळाची गोष्ट सांगितली: आजी दिवसभर खडी फोडून येई आणि तरीही संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांना बसवी. चर्चच्या मंडळीतील एका वृद्ध बाईंनी सांगितले की, आजी मोठेपणी, मुलांच्या शाळेच्या पुस्तकावरून वाचायला शिकली आणि पवित्र शास्त्र वाचताना ओळीखाली बोट धरण्याची सवय तिने कधी सोडली नाही. आई मात्र म्हणाली, "माझ्या हातचे मीठ सासूबाईंना कधी पटले नाही."

हे ऐकून मुलगी नाराज झाली होती. हे भक्तीत कसे सांगायचे, असे तिने मला विचारले. सभेत सांगावेच असे नाही, पण मनातून ते पुसू नये, असे मी म्हणाले. गेलेल्या माणसाला निर्दोष करून ठेवले, तर तो तसबिरीसारखा होतो आणि त्याच्याशी मनातल्या मनात भांडता येत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. आजीच्या कडकपणाचा आईला झालेला त्रास आणि त्याच कडकपणाने दुष्काळात सावरलेले घर, दोन्ही खरे होते.

विश्वासाच्या प्रश्नावर निवाडा देणे माझे काम नव्हते. तो तिने आपल्या चर्चच्या पाळकांना विचारावा, असे सुचवले. त्यांनी तिच्यासोबत योहानाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय वाचला. त्यात मरण पावलेल्या आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेकडे जाताना येशू स्वतः रडतो. पुनरुत्थानाची आशा बाळगणाऱ्यालाही रडू येते, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. माझ्या सांगण्याने ते झाले नसते.

भक्तीत ती तुरीच्या बियाण्याविषयी आणि ओळीखालच्या बोटाविषयी बोलली. दवाखान्यातील दृश्ये अजून येतात, विशेषतः फिनेलचा वास आला की, पण आता ती एकटी येत नाहीत. वडील अजून आपल्या आईविषयी एक शब्दही बोलत नाहीत. त्यांना बोलते करण्याचा आग्रह धरू नये, त्यांच्यासोबत शेतावर मात्र जात राहावे, असे शेवटच्या भेटीत आम्ही दोघींनी ठरवले.